तुझं किती आलं?

पेपर संपल्यावर चर्चा करायची नाही, हा सल्ला सीएच्या प्रत्येक क्लासमध्ये दिला जातो. शेवटच्या लेक्चरला सर सांगतात, घरून निघताना आई सांगते, आधीच्या अटेम्प्टला सुटलेली एखादी ताई फोनवर सांगते. झाला पेपर तो सोडून द्यायचा, पुढच्याकडे बघायचं. आणि पाच वाजता शाळेचं फाटक उघडलं की पहिलं वाक्य कानावर येतं ते, "तुझं किती आलं?"

माझं ऑफिस पुण्यात, पेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली अमृततुल्य, समोर शाळा, आणि त्या शाळेत सीए इंटरचं, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याचं, परीक्षा केंद्र. पेपर दुपारी दोन ते पाच. मे महिन्यात त्या वेळी रस्त्यावर उभं राहवत नाही, तरी मुलं उभी असतात. कॅल्क्युलेटर अजून हातातच असतो. प्रश्नपत्रिकेवर रोल नंबरखेरीज काही लिहायला बंदी असते, त्यामुळे उत्तरं सगळी डोक्यात साठवलेली, आणि ती विसरायच्या आत कुणाच्या तरी आकड्याशी ताडून बघायची घाई.

लॉच्या पेपरला ही मुलं चहा घेतात आणि पांगतात. टॅक्सच्या दिवशी पांगत नाहीत. टॅक्सेशन हा पहिल्या ग्रुपचा शेवटचा पेपर, एकच ग्रुप देणाऱ्यांची परीक्षा तिथे संपते, हे एक कारण झालं. पेपरात पन्नास गुण आयकराला आणि पन्नास जीएसटीला. पण खिडकीतून इतकी वर्षं ऐकून सांगते, भांडण बहुतेक वेळा आयकराच्याच अर्ध्यावरून होतं, आणि त्यातही एका प्रश्नावरून: मिस्टर अमुक, निवासी, वय बेचाळीस, त्यांचं एकूण उत्पन्न आणि त्यावरचा कर काढा.

अकाउंट्सच्या पेपरात मुलाला हॉलमध्येच कळतं की आपलं गाडं कुठवर आलंय. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की छातीत हलकं वाटतं. नाही जुळल्या तर शेवटची दहा मिनिटं फरक शोधण्यात जातात. आयकरात ताळा नाही. एकूण उत्पन्न १४,८७,५०० येवो की १५,६२,०००, चुकलेला आकडाही बरोबर आकड्याइतकाच निवांत चेहऱ्यानं पानावर बसलेला असतो. वजाबाकी, गुणाकार सगळं बिनचूक, आणि तरी मधे कुठेतरी एक रक्कम धरायला नको होती ती धरलेली. ते तुमचं तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो. शेजारच्याचं वेगळं आलं तरच शंका येते. म्हणून ही मुलं थांबतात, आणि म्हणून तो क्लासमधला सल्ला मला कधी पटला नाही.

आधी त्या मिस्टर अमुकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते मला फार आवडतात. माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये असा क्लायंट आलेला नाही. ते मुंबईत नोकरी करतात. पगारात महागाई भत्ता आहे, आणि त्यातला नेमका निम्माच निवृत्तिलाभांसाठी धरला जातो. घरं दोन. एकात राहतात, दुसरं भाड्यानं दिलंय आणि ते दर वर्षी न चुकता दोन महिने रिकामं असतं. नोकरी सांभाळून एका कंपनीत त्यांचे पंचवीस टक्के शेअर आहेत, आणि तिथे त्यांच्या पत्नी पगारावर आहेत. पत्नीकडे कोणतीही तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नाही, हे प्रश्नात आवर्जून लिहिलेलं. (परीक्षेतल्या बायका एकतर अपात्र असतात किंवा त्यांच्या नावावर नवऱ्यानं शेअर घेतलेले असतात. यावर कुणीतरी लिहायला हवं.) आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता ते चेकनं भरतात, पण आरोग्य तपासणीचे पैसे रोख देतात, आणि ट्रस्टची दहा हजारांची देणगीही रोखच. तपासणीचे रोख चालतात, देणगी मात्र दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही. हे दोन्ही एकाच माणसाकडून करवून घेतल्याशिवाय पेपर काढणाऱ्याला चैन पडत नाही. शिवाय त्यांना लॉटरी लागते. मित्राकडून ५१,००० रुपये मिळतात, पन्नास कधीच नाही, कारण नातेवाईक नसलेल्याकडून आलेली भेट पन्नास हजारांच्या वर गेली की करपात्र. मुलगी बारा वर्षांची आहे आणि गाते. खऱ्या आयुष्यात या कुटुंबाला जेवायला वेळ कसा मिळत असेल?

एका सत्रात वाद पेटला तो या गृहस्थांच्या मावसभावावरून.

"मावसभावाकडून पंच्याहत्तर हजार. मी एक्झम्प्ट धरलं," एक मुलगी म्हणाली. पाठीवर भलीमोठी सॅक, आवाज ठाम.

"अगं, टॅक्सेबल आहे ते. कझिन रिलेटिव्हमध्ये येतच नाही."

"भाऊ ना तो? ब्रदर लिहिलंय डेफिनिशनमध्ये."

"ब्रदर म्हणजे सख्खा."

"आमच्यात असं सख्खं-चुलत करत नसतात," लातूरकडचा एक मुलगा मधेच म्हणाला, आणि सगळे हसले. त्याचं स्वतःचं काय आलं होतं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुलगी हरली, पण तिचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. आपल्या घरांत चुलत, मावस, मामे, आते ही सगळी भावंडंच. राखीला, भाऊबीजेला कुणी कायद्याची व्याख्या काढून बसत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात मात्र भेटीपुरते नातेवाईक मोजून दिलेले आहेत: जोडीदार, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या सरळ रेषेतले वरचे-खालचे, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे मावशी आली, तिचे यजमानही आले. तिचा मुलगा बाहेर राहिला. मावशीनं पंच्याहत्तर हजार दिले तर एक रुपया कर नाही. तेच तिच्या मुलानं दिले तर सगळेच्या सगळे करपात्र. पन्नास हजारांच्या वरचे पंचवीस नव्हेत, पूर्ण पंच्याहत्तर.

पुढची गंमत त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आली नाही, पण मला ती नेहमी खटकते. हे नातं एकाच बाजूनं चालतं. मामानं भाच्याला दिलं तर माफ, कारण देणारा हा घेणाऱ्याच्या आईचा भाऊ. भाच्यानं मामाला दिलं तर करपात्र, कारण त्या यादीत भावंडांची मुलं कुठेच नाहीत. देणारा-घेणारा तेच, नातं तेच, पैसा उलट दिशेला वळला की नातं संपतं. लग्नातला आहेर तेवढा कुणाकडूनही आला तरी चालतो. तिथे कायदा शहाण्यासारखा गप्प बसलेला आहे.

आम्ही ही परीक्षा दिली तेव्हा ती तरतूद नवी होती. जुना गिफ्ट टॅक्स ऑक्टोबर १९९८ मध्ये गेला होता, त्यानंतर काही वर्षं भेटींना रान मोकळं होतं, आणि सप्टेंबर २००४ पासून पंचवीस हजारांवरच्या भेटी घेणाऱ्याच्या उत्पन्नात येऊ लागल्या. एप्रिल २००६ पासून मर्यादा पन्नास हजार झाली, आणि ती तिथेच आहे. सोन्याचा भाव, घरांचे भाव, आमच्या खालच्या चहाचा भाव, सगळं वर गेलं. भेटीचे पन्नास हजार हलले नाहीत.

गाणाऱ्या मुलीचा प्रश्न याहून अवघड. तिला गायनस्पर्धेत एक लाखाचं बक्षीस मिळालं, ते बापानं तिच्या नावानं बँकेत ठेवलं, त्यावर बारा हजार व्याज आलं. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील यांच्यापैकी ज्यांचं जास्त त्यांच्या उत्पन्नात मिळवायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. अपवादही पाठ असतो: मुलानं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कष्टानं कमावलेलं मिळवायचं नाही. मग व्याजाचं काय? पैसे तर तिच्याच गळ्यातून आलेले.

यावर मी एकदा अर्धा तास चाललेला वाद ऐकला आहे. बक्षीस सोडायचं हे सगळ्यांना मान्य होतं. व्याजावर दोन तट. एका मुलाचं म्हणणं, मुळात कमाई तिची, तर त्यातून उगवलेलंही तिचंच. दुसरा म्हणाला, व्याज कमवायला तिला गावं लागलं नाही, ते बँकेत पडून मिळालं. दुसऱ्याचं बरोबर होतं; व्याज पालकांकडे जातं. मग त्या बारा हजारांतून प्रत्येक मुलामागे मिळणारी १,५०० रुपयांची सूट वजा करायची की नाही, यावरून दुसरी फेरी सुरू झाली. आणि इथे बराच वेळ गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, "अरे, पण रेजिम कुठली होती? ११५बीएसीमध्ये ती सूटच नाही."

सगळे थांबले. ११५बीएसी हे नव्या करप्रणालीचं कलम. कर निर्धारण वर्ष (ज्या वर्षी आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावरचा कर ठरतो ते) २०२४-२५ पासून नवी करप्रणाली हीच मूळची धरली जाते. जुनी हवी असेल तर तसं निवडावं लागतं. नव्या प्रणालीत दर कमी, पण घरभाडं भत्त्याची सूट नाही, ऐंशी-सी या कलमाखाली गुंतवणुकीवर मिळणारी दीड लाखांची वजावट नाही, आणि मुलामागचे ते १,५०० सुद्धा नाहीत. प्रश्नाच्या शेवटी एक ओळ असते, करदात्यानं कुठली प्रणाली निवडली आहे ते सांगणारी. तीन तास पळत सोडवताना ती ओळ डोळ्यांखालून निसटायला कितीसा वेळ लागतो? अमृततुल्यसमोर उभ्या असलेल्या पाच-सहा जणांपैकी दोघांचे चेहरे मला वरूनही वाचता आले.

घरभाडं भत्त्याबद्दल फार लिहीत नाही. जुन्या कायद्याच्या नियमांत या भत्त्याची सूट मोजताना पगाराचे पन्नास टक्के धरायचे ते फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला. बाकी सगळ्या गावांना चाळीस. पुण्याची मुलं पुण्याला पन्नास टक्के लावून यायची. त्यात अज्ञान किती आणि अभिमान किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

यातलं सगळ्यात रंगलेलं प्रकरण २३ जुलै २०२४ चं. त्या दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला आणि भांडवली नफ्याचे दर वर्षाच्या मधोमध बदलले. एकाच आर्थिक वर्षात २२ जुलैला विकलं तर एक हिशेब, २३ ला विकलं तर दुसरा. जमीन-इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आधी वीस टक्के कर होता आणि खरेदीची किंमत महागाई निर्देशांकानं वाढवून मिळायची. नंतर साडेबारा टक्के, आणि वाढवून मिळणं बंद. त्यावर बरीच ओरड झाली, तेव्हा निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना एक आधार दिला गेला: मालमत्ता २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल आणि नव्या पद्धतीनं कर जास्त होत असेल, तर वरचा भाग सोडून द्यायचा.

सोपे आकडे घेऊन सांगते. मिस्टर अमुकांनी २०१०-११ मध्ये दहा लाखांना प्लॉट घेतला, सप्टेंबर २०२४ मध्ये चाळीस लाखांना विकला. नव्या पद्धतीनं नफा तीस लाख, साडेबारा टक्क्यांनी कर ३,७५,०००. जुन्या पद्धतीनं निर्देशांक १६७ वरून ३६३, म्हणजे खरेदी किंमत २१,७३,६५३, नफा १८,२६,३४७, वीस टक्क्यांनी कर ३,६५,२६९. जुनी पद्धत ९,७३१ रुपयांनी स्वस्त. इथवर हुशार मुलं येतात. पण एकूण उत्पन्नात नफा दाखवायचा कुठला? कायद्यानं सोडून दिला आहे तो जादाचा कर. उत्पन्न काढायची पद्धत नवीच आहे. म्हणजे दाखवायचे तीस लाख, कर मात्र ३,६५,२६९. एकानं तीस धरले, दुसऱ्यानं सव्वाअठरा. प्लॉटवरचा दोघांचा कर शेवटच्या रुपयापर्यंत सारखा आणि एकूण उत्पन्नात पावणेबारा लाखांचा फरक. "तुझं किती आलं?" या प्रश्नाला ते दोघे काय उत्तर देणार, सांगा.

ते दोघं बराच वेळ एकमेकांना खोटं ठरवत होते. मग कुणीतरी विचारलं, "तू धरलंस काय?" आणि तिथून खरं बोलणं सुरू झालं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. शेवटचा आकडा विचारला की माणूस एकतर खुलतो किंवा मिटतो. काय धरलं हे विचारलं की तो पुन्हा प्रश्नात शिरतो, ओळ आठवायला लागतो, हाताच्या तळव्यावर बोटानं आकडे मांडतो. तपासणाऱ्यांचंही असंच असतं म्हणा. गुण पायरीपायरीला असतात. शेवट चुकला तरी खालची वर्किंग नोट तुम्हाला वाचवते. ज्यानं प्रश्नातल्या संदिग्ध जागी 'असं गृहीत धरलं आहे' ही एक ओळ लिहिली, तो निम्मी लढाई जिंकून आलेला असतो. परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, काही महिन्यांनी येतात, आणि त्यांतही अधूनमधून खाली टीप सापडते की अमुक असं धरूनही उत्तर काढता येईल. तोवर या मुलांनी एकमेकांना किती वेळा मूर्ख म्हटलेलं असतं.

न थांबणारीही असतात. फाटकातून निघून थेट बसस्टॉपकडे जाणारी, कानात इयरफोन घालून, मान खाली. त्यांना मी दोष देत नाही. प्रत्येक पेपरात चाळीस आणि ग्रुपच्या तीन पेपरांत मिळून दीडशे, दोन्ही लागतात. एकशे एकोणपन्नासवर राहिलेला माणूस मला माहीत आहे. ज्याचा तिसरा-चौथा अटेम्प्ट आहे, ज्याच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे गावाकडून येतात, घरी ज्याच्या पाठीमागे अजून दोन भावंडं शिकायची आहेत, त्याला संध्याकाळी सव्वापाचला कळायला नको असतं की मावसभाऊ करपात्र होता. निकालाला दोन महिने असतात. तेवढे दोन महिने त्याला हवे असतात. क्लासमधल्या सरांचा सल्ला खरा या मुलांसाठी असतो, आणि त्यांच्यापुरता तो योग्यही आहे. फक्त तो सगळ्यांना सरसकट दिला जातो.

कारण पुढे या व्यवसायात दुसरं काही नसतंच. करदाता आपलं उत्तर लिहितो, अधिकारी वेगळं काढतो, मग अपील, मग ट्रायब्युनल. आयकर अपील न्यायाधिकरण १९४१ सालापासून हेच करतं आहे: दोन बाजूंनी काय धरलं ते ऐकणं. एकाच मुद्द्यावर मुंबईचं खंडपीठ एक म्हणतं आणि दुसऱ्या गावचं दुसरं, आणि दोन्ही निकाल शहाण्या माणसांनी लिहिलेले असतात. तरतुदीचे दोन अर्थ निघत असतील तर करदात्याच्या बाजूचा घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात म्हटलं. २०१८ मध्ये दिलीप कुमार आणि कंपनीच्या प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की सवलतीच्या बाबतीत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. चहाच्या टपरीवर हरलेल्या मुलीनं हे वाचलं तर तिला बरं वाटेल.

जुलै २०२४ मध्ये तर अख्खा व्यवसाय फाटकाबाहेर उभा होता. नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कलम ८७अ खाली कर माफ होता. त्यातलं काही उत्पन्न शेअरवरच्या अल्प मुदतीच्या नफ्याचं असेल, तर त्याच्या खास दरानं येणाऱ्या करालाही ही माफी लागते का? अनेकांच्या वाचनात लागत होती, आणि विवरणपत्रं तशी भरलीही जात होती. मग ऐन हंगामात पोर्टलवरची प्रणाली बदलली आणि ती माफी घेताच येईना. कायदा तोच; काल भरलं त्याला मिळाली, उद्या भरेल त्याला नाही. आमच्या फोनवर दिवसभर एकच विषय: तुमच्याकडे किती दाखवतंय?

मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स उच्च न्यायालयात गेली. डिसेंबरात अंतरिम आदेश आला, विलंबित आणि सुधारित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारीला निकाल लागला. माफी मिळते की नाही यात न्यायालय शिरलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की करदात्याला दावा मांडता आला पाहिजे. तो बरोबर की चूक ते नंतर तपासा, पण संगणकानं त्याचा हात धरून ठेवायचा नाही. पुढे २०२५ च्या वित्त कायद्यानं कर निर्धारण वर्ष २०२६-२७ पासून चित्र स्पष्ट केलं: खास दराच्या उत्पन्नाला ही माफी नाही. मागच्या वर्षांचे दावे मात्र आपापल्या वाटेनं चालू राहिले.

आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आयकर कायदा आला. कलमं ५३६, मागचं वर्ष आणि कर निर्धारण वर्ष ही जोडगोळी गेली, एकच 'कर वर्ष' राहिलं. ऐंशी-सी आता एकशे तेवीस. ज्यांनी रात्र रात्र जागून कलमांचे आकडे घोकले त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. कोण कोणाचा नातेवाईक, कशाला काय धरायचं, हे ज्यांनी भांडून शिकून घेतलं त्यांचं फारसं बिघडणार नाही.

आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीसाठी, मुलं माझ्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा गुणपत्रिका मी बाजूला ठेवते आणि विचारते, टॅक्सच्या पेपरनंतर कशावरून वाद घातला होता? काही जण गोंधळतात, काही म्हणतात आम्ही चर्चा करत नाही मॅडम. एक मुलगी म्हणाली, भाच्यानं मामाला दिलेले पैसे करपात्र का, ते मला अजून पटलेलं नाही. तिला त्याच दिवशी घेतलं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर तेच प्रकरण येऊन पडलं. (तपशील थोडे बदलले आहेत.) आमचे एक जुने क्लायंट, बँकेतून निवृत्त. पेन्शन, भाडं, ठेवींचं व्याज मिळून करपात्र उत्पन्न अकरा लाख नव्वद हजार. सात लाखांवरून बारा लाखांपर्यंत गेलेल्या माफीमुळे २०२५-२६ चा कर शून्य. गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलेलं, आणि अमेरिकेतला भाचा चार लाख पाठवणार होता. त्यांनी सहज म्हणून फोन केला. तिनं हिशेब मांडला: चार लाख उत्पन्नात धरले की एकूण पंधरा लाख नव्वद हजार, कर सेससकट १,२३,२४०.

जेवणाच्या वेळी डबे उघडून तिघं आर्टिकल तिच्या टेबलाभोवती बसली. तिचं म्हणणं, भाच्यानं पैसे आपल्या आईला द्यावेत आणि आईनं भावाला. मुलगा-आई माफ, बहीण-भाऊ माफ. दुसऱ्यानं सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा मॅकडॉवेल निकाल काढला. करनियोजन चालतं, पण केवळ कर चुकवायला वाट वळवली तर तिला बनावट म्हणतील. पैसे एका दिवसात इकडून तिकडे गेले तर बँकेचं स्टेटमेंटच सगळं सांगेल. ती म्हणाली, आजारी भावाला बहिणीनं मदत करणं यात बनावट काय आहे? तिसरा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला की भाच्यानं थेट हॉस्पिटलचं बिल भरलं तर मामांना 'रक्कम मिळाली' असं म्हणता येईल का? यावर पहिले दोघंही एकदम त्याच्यावर तुटून पडले, आणि उलट्या कारणांनी.

मी माझा डबा घेऊन तिथेच जाऊन बसले. तेवढ्यात मामांचा पुन्हा फोन आला. हॉस्पिटलला ॲडव्हान्स भरायचा होता, भाचा विचारत होता, नक्की कुणाच्या खात्यात टाकू? मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबायला सांगा, आमचं अजून ठरतंय.